वेशीपासून उंबऱ्यापर्यंत

आगिमकाका गुरुवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी वारले. ग्वेइयांग शहरातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या लिफ्टमध्ये, तिसरा मजला सुटल्यावर आणि दुसरा यायच्या आत. लिफ्टमध्ये तेव्हा मी होतो, चाकांच्या खाटेवर ते होते, खाट ढकलणारा माणूस होता आणि गरम पाण्याचा थर्मास घेतलेली एक बाई होती. बाईनं आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दारावरच्या लाल आकड्याकडे. 'माझा मजला आला,' ती म्हणाली आणि दुसऱ्यावर उतरली. तिनं बटण सहाव्याचं दाबलं होतं. हे एकदा सांगून टाकलं. आता विसरा. आगिमकाका वारले नाहीत. पुढचे साडेसहा तास ते वारलेले नव्हते, आणि माझा शब्द पुरत नसेल तर इस्पितळाचा कागद आहे: 'नऊ वाजून तीस मिनिटांनी रुग्णास घरच्यांच्या इच्छेनुसार सोडण्यात आले. प्रकृती गंभीर. हयात.' त्यावर गोल लाल शिक्का आहे. शिक्का उमटल्यावर दहा मिनिटांनी माणसाचं काय झालं, हे आमच्याकडे फारसं कोणी विचारत नाही.

खाली गाडी उभी होती. दिसायला रुग्णवाहिका, पण रुग्णवाहिका नव्हे. इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी अशा सहा-सात उभ्या असतात आणि त्यांचं काम एकच, माणसाच्या अंगात श्वास आहे तोवर त्याला गावी नेऊन पोचवायचं. गाडीवाल्याचं नाव मो. पन्नाशीचा, बुटका, खिशात सूर्यफुलाच्या बिया. त्यानं मागचं दार उघडलं, काकांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, आणि प्राणवायूचा मास्क त्यांच्या नाकावर बसवला. इलॅस्टिक कानामागे नीट केलं, लेकराचं टोपडं बांधतात तसं. 'मोदादा,' मी म्हणालो, 'लिफ्टमध्येच ते...' 'काच वर घे. गार लागेल त्यांना.' 'दादा, अहो, ते...' 'हे बघ पोरा. एकोणीस वर्षं ही गाडी चालवतोय. माझ्या गाडीत आजवर एक माणूस मेलेला नाही. एक. तू काय माझं नाव घालवायला आलायस?' त्यानं एक बी फोडली. 'हात धर त्यांचा. बोलत राहा. रडायचं नाही. रडलास की ते मेले असं होतं. घरात गेल्यावर रड हवं तेवढं.'

आमच्या दापिंग गावात बाहेर मेलेलं माणूस वेशीच्या आत येत नाही, मग ते कोणाचंही कोणी असो. शेवटचा श्वास आपल्या उंबऱ्याच्या आत सोडायचा. मग मधल्या दालनात पूर्वजांच्या फळीसमोर ठेवतात, ढोल वाजतो, डुक्कर पडतं, आणि माणूस रीतसर पूर्वज होतो. बाहेर मेला तर वेशीबाहेर रस्त्याच्या कडेला ताडपत्री. तिथंच दिवे, तिथंच रडणं, आणि नंतर पलीकडच्या उतारावर जागा, झाडावरून पडलेल्यांच्या आणि खाणीत गेलेल्यांच्या शेजारी. आगिमकाका आमच्याकडे आले त्या पहिल्याच हिवाळ्यात सुताराचा मुलगा दक्षिणेत कुठेतरी परांचीवरून पडून मेला. त्याला नऊ दिवस ताडपत्रीखाली ठेवलं होतं. झिमझिम चालू होती; आमच्याकडे ती चालूच असते. ताडपत्रीत पाणी साचायचं, खोलगट पोट लोंबायचं, आणि दर तासाभरानं कोणीतरी खालून काठीनं ते वर ढकलायचं. भस्सदिशी पाणी पडल्याचा आवाज आमच्या माडीवर ऐकू यायचा. मी सात वर्षांचा होतो, मला तो आवाज आवडायचा. काका नऊ दिवस तो ऐकत बसले आणि दहाव्या दिवशी आईला त्यांच्या त्या पेट्या आपटल्यासारख्या बोलीत म्हणाले, 'मला. ताडपत्रीखाली. ठेवू नका.' बावीस वर्षांत त्यांनी आमच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. दुसरी म्हणजे कॉफी, पण ती आम्हाला जमली नाही. पुढे मी पंधरा-सोळाचा असताना त्यांनी ती गोष्ट पुन्हा काढली तेव्हा मी म्हणालो, 'काका, काळजी करू नका, तुम्हाला मी स्वतः घरात आणून मारीन.' आईनं मला पळीनं हाणलं. काका मान हलवत राहिले. शब्द मिळाल्यावर माणूस हलवतो तशी.

तर हात धरला. हात नेहमीसारखाच होता, मोठा, अंगठ्यापाशी मका सोलून पडलेला घट्टा. नेहमीपेक्षा थोडा गार. पण ते माणूस नेहमीच गार हाताचं. गाडी शहराबाहेर पडली आणि पहिला पूल आला. मेलेल्याला नेताना प्रत्येक पुलावर त्याला सांगावं लागतं की पूल आला, मागे राहू नका, आमच्याबरोबर या. नाहीतर त्याचा जीव अलीकडच्या काठावर उभा राहतो, आणि गाडी निघून जाते. पण जिवंत माणसाला असं सांगणं म्हणजे त्याला मेलेल्यांत मोजणं. आमचा प्रांत म्हणजे पूल, मग बोगदा, मग पूल. शहरापासून दापिंगपर्यंत एकशे सात पूल आहेत, हे मला मोदादानं सांगितलं, आणि त्यानं ते कशासाठी मोजले असतील हे मी विचारलं नाही. मी घसा साफ केला. 'आगिमकाका, उजव्या हाताला बघा, खोल दरी आहे. आपण सध्या एका अतिशय उंच पुलावरून जात आहोत. सर्व पाहुण्यांनी कृपया गाडीबरोबरच राहावं.' मोदादानं आरशातून पाहिलं. 'गाइड होतास काय रे?' 'दोन उन्हाळे.' 'चांगलं करतोस.' 'बोगद्यात काय सांगू?' 'बोगद्यात काही सांगायचं नसतं,' तो म्हणाला. 'बोगद्यात सगळे सारखेच.'

ते आले तेव्हा हे पूल नव्हते. शहरापासून दोन दिवस लागायचे, मधे एक रात्र बसमध्ये कोंबड्यांबरोबर. ते अल्बानियाचे, तिथं कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवायचे, आणि नकाशात ज्या जागी काहीच छापलेलं नाही ती जागा बघायला म्हणून निघाले होते. ती आम्ही निघालो. बस वेशीशी बिघडली, त्यांना ताप भरला, आणि आईनं त्यांना माडीवर झोपवलं, कारण बाप वारल्यापासून माडी रिकामीच होती. गावात कोणाला त्यांचा देश माहीत नव्हता; फक्त वू आजोबा, जे तेव्हाच म्हातारे होते, काठी टेकत आले आणि जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून ओरडले, 'अल्बानिया? आपला दोस्त. तरुणपणी तिकडची सिगारेट ओढलीय मी. आणलीस का?' त्यांनी आणली नव्हती. आजोबांनी हे बावीस वर्षं मनात ठेवलं. ताप उतरला, बस दुरुस्त झाली, गेली, आणि काका राहिले. का राहिले हे कोणी विचारलं तर ते म्हणायचे, बस पुन्हा बिघडेल ह्याची खात्री नव्हती. मला ह्याचा अर्थ अजून लागलेला नाही. सरकारदरबारी ते दर वर्षी वेगळ्या कारणानं राहायचे, कधी शिक्षक, कधी द्राक्षांचे जाणकार, एका वर्षी 'सांस्कृतिक देवाणघेवाण'. आईनं त्यांच्याशी लग्न का केलं नाही? अर्ज करावा लागला असता. आणि अर्जात नातं लिहावं लागलं असतं, आणि त्या दोघांना एकमेकांशी बोलण्यासारखी इतकी कमी भाषा होती की नात्याला नाव ठेवण्यात ती खर्च करणं परवडणारं नव्हतं. आई त्यांना रोज माशाच्या वासाची ती पांढरी मुळी मिरचीत कालवून वाढायची. ते रोज खायचे. इथं आल्याच्या अठराव्या वर्षी एके दिवशी म्हणाले, ही मला आवडत नाही. आई तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी पुन्हा मुळी वाढली, ते पुन्हा खायला लागले. लग्न म्हणतात ते ह्याहून वेगळं काय असतं मला माहीत नाही. मी केलेलं नाही.

दुसरे परदेशी कधीमधी यायचे. पाठीवर पोती, पायांत महागडे बूट, डोळ्यांत ती चमक, की इथं आजवर कोणी पोचलेलं नाही. चार डोंगर चढून वेशीत शिरायचे, आणि पायरीवर आगिमकाका मका सोलत बसलेले. निळे डोळे, पांढरी दाढी, अंगात आईनं शिवलेली बंडी. त्या पाहुण्यांचे चेहरे असे उतरायचे की मी आणि सुताराची धाकटी ते बघायला म्हणून शाळा बुडवायचो. ते इंग्रजीत विचारायचे, तुम्ही कुठले? काका आमच्या बोलीत म्हणायचे, 'खाल्लं का?' ते जर्मनमध्ये विचारायचे, फ्रेंचमध्ये विचारायचे. काकांना त्या तिन्ही भाषा येत होत्या. 'खाल्लं का? आत या.' एका बाईनं तर रडायलाच सुरुवात केली होती. मी त्यांची नक्कल करायचो, सात वर्षांचा असल्यापासून. आवाज छातीतून काढायचा, प्रत्येक शब्द जमिनीवर ठेवायचा आणि मग पुढचा उचलायचा. एकदा मी गोठ्यात त्यांच्या आवाजात डुकराला रागावत होतो आणि ते दारात उभे. ते म्हणाले, 'मी. असा. बोलत नाही.' डुकरानंसुद्धा वर पाहिलं.

चाळिसाव्या पुलाच्या आसपास मला त्यांची बहीण आठवली. श्कोडर म्हणून त्यांचं गाव, तिथं एक बहीण होती, ती वर्षातून एकदा पत्र पाठवायची. एका वर्षी पत्र दुसऱ्या कुणाच्या अक्षरात आलं, ती गेल्याचं. ते वाचून काकांनी बोटांवर काहीतरी मोजलं. पत्राला तीन आठवडे लागले होते. 'म्हणजे ती तीन आठवडे माझ्याकडे जास्त होती,' ते म्हणाले, 'मी तिच्यासाठी अक्रोड वाळवत होतो. हे तीन आठवडे कुठे धरायचे?' आई म्हणाली, जेव. मी म्हणालो, टपाल खात्याच्या नावावर धरा. सगळे हसले, काकासुद्धा. पण अक्रोड त्यांनी वाळवून पूर्ण केले आणि माडीवरच्या स्वतःच्या शवपेटीत नेऊन ठेवले. शवपेटी आमच्याकडे साठीला करून ठेवतात. त्यांची करताना सुतार तीनदा माप घ्यायला आला, कारण एवढा लांब माणूस असतो ह्यावर त्याचा विश्वास बसेना, आणि तिसऱ्या वेळी काका स्वतःच फळ्यांवर आडवे झाले आणि म्हणाले, 'घे.' मग त्या पेटीत ते अक्रोड, मक्याचं बी आणि पासपोर्ट ठेवायचे. उंदीर लागत नाहीत म्हणून.

इथवर मी सगळं सांगितलं आणि एक गोष्ट टाळत आलो, ती अशी की त्यांना शहरात मी आणलं. मी शहरात परदेशी माणसं भाड्यानं पुरवतो. हा धंदा आहे. नव्या वसाहतीचं उद्घाटन असलं, दुकान उघडायचं असलं, की बिल्डरला मंचावर एक गोरा माणूस लागतो, त्यानं काही करायचं नसतं, फक्त तिथं असायचं. ग्वेइयांगला गोरी माणसं कमी, आणि पांढऱ्या दाढीचं तर एकच, माझ्या माडीवर. पाच वर्षांत काका कॅनडाचे हृदयतज्ज्ञ झाले, फ्रान्सचे आचारी झाले, एकदा डेन्मार्कचे राजदूत झाले. त्यांना मजा वाटायची असं मी धरून चाललो होतो. सोमवारी ते इटलीचे वास्तुशिल्पी होते. तलाव नसलेल्या तलावकाठच्या वसाहतीचं उद्घाटन. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात मोठी कात्री, वर ऊन. आमच्याकडे ऊन पडत नाही, त्या दिवशी पडलं. भाषणं लांबली. ते मंचावरून खाली वाकून मला म्हणाले, 'झाओलिन, बसू का?' मी म्हणालो, 'काका, अर्धा तास. वास्तुशिल्पी बसत नाहीत.' हे मी विनोद म्हणून म्हणालो. मग फीत आली, ते कात्री घेऊन पुढे झाले, आणि कात्रीसकट फितीत कोसळले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. एक, दोन, तीन टाळ्या. हे हात तेच, आता त्यांचा हात धरलेले. बुधवारी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आजच न्या. मी म्हणालो, उद्या सकाळी. कारण घरी नेणार हे आईला फोनवर सांगावं लागलं असतं, आणि बुधवारी दिवसभर मी फोन हातात घेऊन वाक्य जुळवत होतो. लिफ्ट दोन मजले उशिरा आली असं मी म्हणू शकतो. लिफ्ट वेळेवर होती.

जिल्ह्याच्या हद्दीवर चौकीवाल्यानं गाडी थांबवली. कोवळा पोरगा, टोपी कानांवर आलेली. परदेशी माणूस म्हटल्यावर तो चेहरा ताडायचं यंत्र घेऊन मागे चढला आणि मास्क जरा खाली ओढून काकांसमोर ते धरलं. यंत्र गोड बाईच्या आवाजात म्हणालं, 'कृपया डोळे मिचकावा.' आम्ही थांबलो. 'कृपया डोळे मिचकावा.' मोदादा बिया फोडायचा थांबला. 'कृपया मान हळूच डावीकडे वळवा.' पोरगा यंत्राकडे बघत होता, मग काकांकडे, आणि मग त्यानं जी नजर वर केली ती थर्मासवाल्या बाईचीच. 'झोपलेत?' 'हो,' मी म्हणालो. 'माझे आजोबा पण असेच झोपले होते,' तो म्हणाला, 'ह्याच रस्त्यानं.' त्यानं मास्क पुन्हा नाकावर बसवला, इलॅस्टिक कानामागे घातलं आणि यंत्र बंद करून वहीत हातानं लिहिलं. बंद होता होता यंत्र म्हणालं, 'ओळख पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

पुढे थांब्यावर मोदादानं गाडी लावली आणि तीन वाट्या नूडल्स आणल्या, आंबट, वर मिरचीचं तेल. 'तीन?' 'तीन माणसं आहोत ना?' त्यानं तिसरी वाटी काकांच्या उशाशी ठेवली, वर काड्या आडव्या. उभ्या नाही, उभ्या मेलेल्यासाठी रोवतात. आम्ही खाल्लं. मला लाज वाटावी इतकी भूक होती. वाटीतून वाफ येत होती आणि मास्कच्या आतून येत नव्हती, एवढाच काय तो दोघांत फरक, आणि मी त्या वाफेकडे बघत राहिलो, ती विरळ झाली, थांबली. 'थंड झाल्या की खात नाहीत ते,' मी म्हणालो. 'मग तू खा. अन्न टाकलेलं गाडीत चालत नाही मला.' मी त्यांची वाटीही खाल्ली, शेवटच्या घोटापर्यंत.

एकशे सातवा पूल ओलांडला तेव्हा माझा आवाज गेला होता. वेस दिसली. छप्पर असलेली आमची जुनी वेस, खाली दोन बाक, आणि डाव्या बाकावर वू आजोबा, शहाऐंशीचे. कोण आत येतं हे तेच ठरवतात. त्यांना तसं कोणी नेमलेलं नाही. गल्लीत गाडी जात नाही म्हणून आमच्या शेजारचे चौघेजण खाट उचलायला आधीच उभे होते. मास्क जागेवर होता, प्राणवायूची पिशवी फुगलेली होती, मोदादानं वाटेत दोनदा ती बदलली होती, गालांना थोडं तेलसुद्धा चोळलं होतं. आणि तेव्हा मला आठवलं की आजोबांना दोन वर्षांपासून दिसत नाही. ते माणूस आवाजावरून ओळखतात. साडेसहा तास आम्ही एका आंधळ्यासाठी सजावट करत होतो.

आजोबा उठले. काठीनं खाट चाचपली, खाटेवर वाकले. 'आगिम,' ते म्हणाले, 'खाल्लं का?'

हे ते रोज विचारायचे. बावीस वर्षं, येताना-जाताना. आणि उत्तर आल्याशिवाय कोणाला पुढे सोडायचे नाहीत. म्हातारा माणूस, त्याला दिवसभरात दुसरं काम काय. चौघांनी खाली पाहिलं. मोदादानं आकाशात पाहिलं. डोंगरावरून कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता. वेशीच्या आतल्या बाजूला, सुताराच्या भिंतीला टेकून, निळी ताडपत्री घडी करून ठेवलेली मला दिसली. कोणीतरी शहाणपणानं काढून ठेवली होती. 'आगिम?' आजोबा म्हणाले. मी छातीत हवा भरली, तोंड दुसरीकडे वळवलं, आणि एक शब्द जमिनीवर ठेवला, मग दुसरा उचलला. 'खाल्लं. तुम्ही?'

चौघांतल्या एकाचा पाय सरकला. आजोबा बराच वेळ वाकून राहिले. त्यांना कळलं की नाही, मी सांगू शकत नाही; त्यांच्या डोळ्यांत दुधासारखं सगळं पांढरं आहे. 'आवाज बसलाय ह्याचा,' ते शेवटी म्हणाले. 'आत न्या. आणि सिगारेट राहिलीच, सांगा त्याला.'

खाट उचलली. आणि वरून, गल्लीच्या टोकाच्या आमच्या दारातून, आईचा आवाज आला. मी तिला फोनवर एवढंच म्हणालो होतो, आणतोय. ती दारात उभी होती, दुपारपासून असेल, आणि तिनं मी काढलेला तो आवाज ऐकला. 'आगिम,' ती ओरडली, 'पायऱ्या ओल्या आहेत. जपून ये.' खाटेवरच्या माणसाला. मग तिचा चेहरा मी पाहिला. आईचा असा चेहरा मी आधी एकदाच पाहिला होता, ताप उतरून ते पहिल्यांदा माडीवरून खाली आले त्या सकाळी. ती वळून आत पळाली. आत स्टूल सरकल्याचं ऐकू आलं, चुलीत लाकडं टाकल्याचं, भांडं पडल्याचं. वेशीपासून आमच्या उंबऱ्यापर्यंत एकशे बारा पावलं आहेत. मी मोजली, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. साठाव्या पावलाला मी म्हणू शकलो असतो, आई, तो मी होतो. नव्वदाव्या पावलालासुद्धा वेळ होता. आत ती त्यांच्यासाठी पाणी ओतत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. गुणगुणत होती म्हणजे, माझी आई, जिला कधी सूर धरता आला नाही. एकशे दहा. एकशे अकरा. मोदादानं उंबरा ओलांडला, खाट खाली ठेववली, मास्क काढला आणि घड्याळाकडे पाहून स्पष्ट आवाजात म्हणाला, 'चार वाजून दहा मिनिटं. आत्ता गेले.' आई हातात पाण्याचा पेला घेऊन उभी होती.

ती रडली नाही. तिनं पेला फळीवर ठेवला, शेजारणींना गरम पाणी आणायला सांगितलं आणि त्यांच्या बंडीच्या गाठी सोडायला बसली. मी समोर बसलो. तीन गाठी सोडून झाल्यावर, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, 'खाल्लं म्हणाला.'

'हो.'

'काय खाल्लं?'

'नूडल्स. आंबट.'

'अर्ध्या टाकल्या असतील.'

'नाही,' मी म्हणालो. 'सगळ्या संपवल्या.'

तिनं चौथी गाठ सोडली. 'तिखट होत्या का?' 'होत्या.' 'पाणी दिलंस?' मी म्हणालो, दिलं. तिनं मान हलवली. पुढे तिनं मला काही विचारलेलं नाही, ह्याविषयी किंवा दुसऱ्या कशाविषयी. मुळी मात्र दोघांची कालवते आणि एक वाटी माझ्यापुढे सरकवते. मलाही ती आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याचे शी साहेब आले. परदेशी माणूस गावात आला की चोवीस तासांत नोंद करावी लागते. काका शहरातून परतले की दर वेळी शी साहेब वही घेऊन यायचे, चहा प्यायचे, काकांकडून अक्रोड घेऊन जायचे. नोकरीला लागले तेव्हा काळे केस होते त्यांना. ते काकांसमोर उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली. 'आला ना? म्हणजे जिवंत आला ना?' मी शिक्क्याचा कागद दाखवला. 'आणि आल्यावर गेला.' 'चार दहाला.' 'मग रीतसर आलाय. नोंद करावी लागेल.' त्यांनी वही उघडली आणि मग आवाज खाली आणला. 'झाओलिन, उद्या जिल्ह्याहून गाडी येईल. परदेशी आहे तो. शीतगृहात ठेवतील, वकिलातीला कळवतील, मग जाळून डबा देतील कोणाकडे तरी. पेटीबिटी काही चालणार नाही.' आतल्या खोलीत आईचा हात थांबल्याचं मला ऐकू आलं. शी साहेब अजून हळू बोलले. 'त्याची मुदत तीस तारखेला संपते. वाढवून मागायचा अर्ज टाक. अर्ज विचाराधीन असला की निकाल लागेपर्यंत माणसाला हलवता येत नाही. असं कलम आहे.' 'जिवंत माणसासाठी.' 'कलमात तसं लिहिलेलं नाही,' शी साहेब म्हणाले. 'निकाल लागायला किती दिवस?' 'पंधरा.' ढोल, डुक्कर, डोंगर, सगळं पंधरा दिवसांत बसतं. त्यांनी मला छापील कागद दिला आणि स्वतःचं पेन दिलं. 'कारण' ह्या रकान्याखाली तीन ओळी होत्या. त्या पुरल्या नाहीत म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ते असं:

प्रति, परदेशी नागरिक नोंदणी कक्ष. विषय: वास्तव्याची मुदत वाढवून मिळणेबाबत. अर्जदार यांग झाओलिन, राहणार दापिंग, विनंती करतो की, अल्बानियाचे नागरिक आगिम डेरविशी, वय एकाहत्तर, हे बावीस वर्षांपासून आमच्या घरी राहत असून यापुढेही राहू इच्छितात. ते कोणतीही नोकरी करणार नाहीत, मंचावर उभे राहणार नाहीत, व गावाबाहेर जाणार नाहीत. परत जाण्याचा अपेक्षित दिनांक: नाही. घरमालकिणीची हरकत: नाही. तरी त्यांच्या वास्तव्यास बेमुदत मंजुरी द्यावी; आणि गुरुवारी दुपारी चार वाजून सहा मिनिटांपासून चार वाजून दहा मिनिटांपर्यंत, वेशीपासून उंबऱ्यापर्यंतच्या एकशे बारा पावलांत, सदर गृहस्थ हयात होते, अशी नोंद आपल्या दप्तरी घेऊन तिची एक शिक्कामोर्तब प्रत अर्जदाराच्या आईस देण्यात यावी, ही नम्र विनंती.